काखेतील गाठी काढल्यावर हात का सुजतो? लसीकासंस्थेच्या कामाविषयी

पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या एका ताईंनी आपल्या सासूबाईंविषयी विचारले आहे. सासूबाईंचे वय 54 वर्षे आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी त्यांची शस्त्रक्रिया झाली, त्या वेळी काखेतील गाठी काढल्या गेल्या आणि पुढे रेडिएशनही झाले. सगळे सुरळीत चालले असताना गेल्या डिसेंबरात, द्राक्षबागेत थिनिंग, म्हणजे घडातील मणी विरळ करण्याचे काम, सुरू असताना, त्यांना डावा हात जड वाटू लागला, बांगड्या रुतू लागल्या आणि आता मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत सूज आहे. कोणी पाणी उतरवण्याची गोळी सुचवली, कोणी सुईने पाणी काढून घ्या म्हणाले, कोणी तेल लावून जोरात रगडा म्हणाले, आणि शेजारच्या आजींनी तर हा हत्तीरोगच आहे असे सांगून घरात धास्ती भरवली. ताईंचा मूळ प्रश्न मात्र नेमका आहे : हे पाणी येते कुठून, आणि गाठी काढल्या म्हणून ते अडते कसे? शेवटी त्यांनी असेही विचारले आहे की, सासूबाईंचे तूप बंद करावे का आणि पुढच्या हंगामात त्यांना बागेत जाऊ द्यावे की नाही.

मी नाशिकमध्ये 20 हून अधिक वर्षे फिजिओथेरपी करतो आणि त्यातला मोठा भाग अशाच सुजलेल्या हातापायांचा आहे. पुढे जे लिहितो ते वाचण्याआधी एक काम करावे. सासूबाईंना त्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना एकदा दाखवून यावे. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजला की तो बहुतेक वेळा लसीकेमुळेच (लिम्फ, म्हणजे ऊतींमधून निचरा होऊन रक्तात परतणारा द्रव) सुजलेला असतो, परंतु शिरेत रक्ताची गुठळी होणे किंवा काखेत आजार पुन्हा उद्भवणे ही दोन कारणे आधी तपासून बाजूला ठेवावी लागतात. विशेषतः सूज एक-दोन दिवसांत झपाट्याने आली असेल, हात निळसर दिसत असेल किंवा सतत दुखत असेल, तर हे काम त्याच दिवशी करावे.

आता पाणी येते कुठून, ते पाहू. खरचटलेल्या जागेतून रक्त थांबल्यावर जे फिकट पिवळसर, किंचित चिकट पाणी येते त्याला आपण ‘लस’ म्हणतो. लसीका हा शब्द याच घराण्यातला आहे आणि ती वस्तूही त्याच जातीची आहे. रक्त हृदयातून निघून धमन्यांतून अत्यंत बारीक केशवाहिन्यांत येते. या केशवाहिन्यांच्या भिंती अखंड नळीसारख्या घट्ट नसतात. आतील दाबामुळे रक्तातील पाणी, क्षार, साखर आणि थोडी प्रथिने भिंतीतून बाहेर झिरपतात आणि पेशींच्या मधल्या जागेत पसरतात. हे गळणे दोष नव्हे. पेशींना अन्न मिळते ते याच झिरपलेल्या पाण्यातून. इंग्लंडमधील अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1896 मध्ये या झिरपण्याचे गणित मांडले : रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने त्याला आत ओढून धरतात.

आमच्या विद्यार्थिदशेत असे शिकवले जाई की, दिवसाला सुमारे 20 लिटर पाणी बाहेर येते, त्यातील 17 लिटर केशवाहिन्यांच्या दुसऱ्या टोकाला परत शोषले जाते आणि उरलेले सुमारे 3 लिटर लसीकावाहिन्या उचलतात. हे चित्र डोक्यात बसायला सोपे असले तरी आता ते बरेचसे बदलले आहे. बहुतेक अवयवांत केशवाहिन्यांच्या शेवटच्या टोकाला असे सततचे शोषण होत नाही, असे गेल्या काही दशकांतील मोजमापांवरून दिसते. आतडी आणि मूत्रपिंडे यांसारखे अपवाद सोडले, तर बाहेर झिरपलेले जवळजवळ सर्व पाणी रक्तात परत येण्यासाठी लसीकावाहिन्यांवरच अवलंबून असते. अंदाजे 8 लिटर द्रव दिवसभरात या वाटेने निघतो, त्यातील साधारण निम्मे पाणी वाटेतील गाठींमध्येच रक्तात परत घेतले जाते आणि उरलेले मानेच्या तळाशी मोठ्या शिरांत जाऊन मिळते. सासूबाईंच्या संदर्भात हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे गाठी केवळ जंतू अडवणाऱ्या चौक्या राहत नाहीत, तर पाणी परत रक्तात वळवणारी ठिकाणेही ठरतात.

पाण्यापेक्षाही महत्त्वाची आहेत ती प्रथिने. पाणी इकडून तिकडे सहज जाऊ शकते. परंतु केशवाहिनीतून एकदा निसटलेले प्रथिन त्याच भिंतीतून माघारी जाऊ शकत नाही. त्याला परतीची एकच वाट असते आणि ती लसीकावाहिनीची. रक्तातील एकूण प्रथिनांपैकी पाव ते निम्मा हिस्सा दर दिवशी या आडवाटेने फिरून पुन्हा रक्तात येतो. ही वाट अडली की प्रथिने तिथेच साचतात, साचलेली प्रथिने आणखी पाणी धरून ठेवतात, आणि महिने लोटले की त्या जागी तंतू आणि चरबी वाढून मऊ सूज कडक होत जाते. ताई बागायतदाराच्या घरातील असल्याने त्यांना हे एका उदाहरणाने सांगता येईल. कालव्याच्या पट्ट्यात ज्या काळ्या जमिनीला निचरा नसतो, तिथे पाटाचे पाणी जास्त झाल्याने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान ते पाणी बाहेर न गेल्याने होते. पाणी सुकते, क्षार राहतात आणि जमीन चोपण, म्हणजे खारवट व नापीक, होते. अशा जमिनीला पाणी कमी देऊन ती सुधारत नाही; चर काढावे लागतात. हाताची लसीकासूजही निचऱ्याचा आजार आहे, पाणी जास्त झाल्याचा नव्हे.

या निचऱ्याची रचना फार सुंदर आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. त्वचेच्या अगदी वरच्या थराखाली लसीकेच्या केशवाहिन्यांचे जाळे असते. रक्ताच्या केशवाहिन्या दोन्ही बाजूंनी उघड्या असतात, तर या एका टोकाला बंद असतात, हातमोज्याच्या बोटासारख्या. त्यांच्या भिंतीतील पेशी घराच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात आणि बाहेरून बारीक तंतूंनी आसपासच्या ऊतीला बांधलेल्या असतात. बाहेर पाणी वाढून ऊती फुगली की हे तंतू ताणले जातात, कौले किंचित उचलली जातात आणि पाणी आत शिरते. आतला दाब वाढला की कौले पुन्हा मिटतात. म्हणजे ज्या वेळी गरज असते नेमक्या त्याच वेळी दार उघडते. ही फट रक्ताच्या केशवाहिनीपेक्षा बरीच मोठी असल्याने प्रथिने, मेलेल्या पेशींचे तुकडे, जंतू आणि दुर्दैवाने कॅन्सरच्या सुट्या पेशीही तिच्यातून आत जातात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काख तपासली जाते ती याच कारणाने.

या बारीक नळ्या पुढे मोठ्या वाहिन्यांना मिळतात. लसीकेला हृदयासारखा पंप नाही, हे वाक्य सगळीकडे लिहिलेले आढळते आणि ते अर्धेच खरे आहे. एकच मोठा पंप नाही हे बरोबर. पण मोठ्या लसीकावाहिनीत थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात आणि दोन झडपांमधल्या प्रत्येक कप्प्याच्या भिंतीत स्नायू असतो. तो कप्पा भरला की स्वतःहून आकुंचन पावतो आणि लसीका पुढच्या कप्प्यात ढकलतो. मागची झडप विहिरीवरच्या मोटारीच्या फूट व्हॉल्व्हसारखी ती मागे येऊ देत नाही. असे लहान लहान पंप हाताच्या लांबीत एकामागून एक मांडलेले असतात आणि मिनिटाला काही वेळा आपल्या लयीत आकुंचन पावत असतात, आपण झोपलेले असलो तरीही. चालताना, हात हलवताना स्नायू त्यांना बाहेरून दाबून मदत करतात, आणि खोल श्वास घेतला की छातीतील दाब कमी होऊन लसीका वर खेचली जाते. म्हणूनच आमच्याकडे उपचाराची सुरुवात हातापासून होत नाही; ती पोटाच्या खोल श्वासांपासून होते. त्यामुळे हात दुखत असताना पोट कशाला फुगवायचे, असे पेशंट हमखास विचारतात.

आता गाठींकडे येऊ. लसीकाग्रंथी असे आपण म्हणतो खरे, पण त्या काही स्रवत नाहीत. ‘गाठ’ हा साधा शब्दच अधिक बरोबर आहे. शरीरात अशा सुमारे 600 गाठी आहेत. बऱ्याचशा वालाच्या दाण्याएवढ्या. काख, जांघ, मान, छाती आणि पोटात त्या घोळक्याने असतात. एका गाठीत अनेक वाहिन्या शिरतात आणि एक-दोनच बाहेर पडतात, त्यामुळे आत लसीकेचा वेग मंदावतो. पसरट पोकळ्यांमधून ती झिरपत असताना भक्षक पेशी तिच्यातील जंतू आणि कचरा टिपून घेतात. त्याच वेळी त्वचेतून जंतूचा तुकडा उचलून आणणाऱ्या पेशी तो गाठीतील लिम्फोसाइट नावाच्या संरक्षक पांढऱ्या पेशींना दाखवतात. विशिष्ट जंतूला ओळखणारी लिम्फोसाइट लाखात एखादीच असते. ती शरीरभर फिरून जंतू शोधत बसली, तर दोघांची भेट व्हायला किती काळ लागेल याची कल्पना करावी. म्हणून शरीराने या भेटीची जागाच ठरवून ठेवली आहे. लिम्फोसाइट रक्तातून गाठीत येते, काही तास ते साधारण दिवसभर तिथे थांबते, तिच्या ओळखीचे कोणी आले नाही तर लसीकेबरोबर पुढे निघते आणि रक्तमार्गे दुसऱ्या गाठीत जाते. ओळख पटली तर मात्र ती तिथेच थांबून भराभर वाढते आणि गाठ फुगते.

याचा अनुभव खेड्यातील प्रत्येकाने घेतलेला असतो. पायात बाभळीचा काटा मोडतो आणि दोन दिवसांनी जांघेत दुखरी गाठ येते. आपल्याकडे त्याला अवधाण आले असे म्हणतात. काटा पायात आणि गाठ जांघेत, हे कोडे लसीकावाहिन्यांनी सुटते. कोव्हिडची लस दंडात घेतल्यानंतर त्याच बाजूच्या काखेत काही जणांना गाठ जाणवली, तीही याच कारणाने. अशी दुखरी, मऊ, हलणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत बसते. जी बसत नाही, वाढत जाते, दगडासारखी कडक आहे आणि दुखत नाही, ती दाखवलीच पाहिजे. मानेत अनेक गाठी माळेसारख्या येतात तेव्हा आपल्या देशात क्षयाचा विचार आधी करावा लागतो. जुनी माणसे त्याला गंडमाळ म्हणत.

हाताची लसीका काखेतून पुढे गळ्याखालच्या आडव्या हाडामागे जाऊन शिरेत मिळते. बाकीच्या शरीराचा मार्ग मात्र बराच लांबचा आहे. दोन्ही पाय आणि पोट यांची लसीका कंबरेच्या वरच्या मणक्यांसमोर एका पिशवीसारख्या जागेत जमते, तिथून वक्षवाहिनी नावाची सुमारे 40 सेंटिमीटर लांबीची नळी छातीतून वर जाते आणि मानेच्या डाव्या बाजूला, जिथे दोन मोठ्या शिरा एकत्र येतात, तिथे रक्तात उघडते. उजवा हात, डोके आणि मानेची उजवी बाजू व छातीचा उजवा भाग एवढ्यापुरतीच उजवीकडे वेगळी आखूड वाहिनी आहे. शरीर उजवे-डावे सारखे असते या आपल्या समजुतीला इथे चांगलाच धक्का बसतो.

याच वक्षवाहिनीतून आपण खाल्लेली चरबीही जाते. साखर आणि प्रथिने आतड्यातून थेट रक्तात जाऊन यकृताकडे पोहोचतात; पण नेहमीच्या तेलातुपातील चरबीचे कण इतके मोठे असतात की ते रक्ताच्या केशवाहिनीत शिरू शकत नाहीत. ते आतड्यातील लसीकेच्या वाहिन्यांत शिरतात आणि लसीका दुधासारखी पांढरी होते. रविवारी सकाळी नाशिकची मिसळ तर्रीसकट खाल्ली, तर दुपारपर्यंत त्या तर्रीतील तेल मानेच्या डाव्या बाजूला रक्तात उतरत असते. इटलीतील गास्पारे आसेल्ली यांनी 1622 मध्ये नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात या पांढऱ्या रेषा पाहिल्या आणि त्यांना प्रथम त्या नसा वाटल्या. एक कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. त्या यकृताकडे जातात असा त्यांचा समज झाला होता. खरी वाट 1651 मध्ये फ्रान्सच्या झ्यां पेके यांनी दाखवली, आणि पुढच्या दोन वर्षांत स्वीडनचे रुडबेक व डेन्मार्कचे बार्थोलिन यांनी शरीरभरच्या लसीकावाहिन्यांचे वर्णन केले. रक्ताभिसरणाचे हार्वे यांचे पुस्तक 1628 चे. म्हणजे दोन्ही शोध एकाच पिढीतले आहेत, तरी एक शाळेच्या पुस्तकात पोहोचला आणि दुसरा आजही परीक्षेत दोन गुणांपुरता उरला, याची मला खंत वाटते. पोटातील काही कॅन्सरमध्ये डाव्या बाजूला गळ्याच्या हाडावर कडक गाठ लागते, तीही या वक्षवाहिनीच्या शेवटामुळेच.

पांथरी, थायमस आणि टॉन्सिल यांनाही लसीकासंस्थेचेच भाग मानतात. पांथरी लसीका गाळत नाही, रक्त गाळते, एवढेच इथे सांगतो. मेंदूत लसीकावाहिन्या नाहीत असे आम्ही शिकलो होतो. 2015 मध्ये उंदरांच्या मेंदूवरील आवरणात त्या स्पष्टपणे दाखवल्या गेल्या आणि नंतर माणसातही आढळल्या.

सासूबाईंच्या हाताकडे परत येतो. काखेत साधारण 20 ते 40 गाठी असतात आणि पूर्ण शस्त्रक्रियेत त्यातील बऱ्याचशा चरबीसकट काढल्या जातात. आता शक्य असेल तिथे निळा रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव टोचून, स्तनाची लसीका सर्वांत आधी ज्या एक-दोन गाठींत जाते तेवढ्याच काढून तपासतात, आणि त्या निर्दोष निघाल्या तर बाकी काख तशीच ठेवतात. सासूबाईंच्या गाठींत आजार पोहोचलेला असणार, म्हणून पूर्ण काख साफ करावी लागली असावी. ती चूक नव्हती, हे घरात सर्वांनी समजून घ्यावे. पूर्ण काख काढलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकीला पुढे लसीकासूज येते. मोजक्या गाठी काढलेल्यांत हे प्रमाण बरेच कमी असते.

मग दोन वर्षे काही झाले नाही ते का? गाठी निघाल्यावर उरलेल्या वाहिन्या वाढीव काम अंगावर घेतात, काही नव्या आडवाटाही तयार होतात, आणि निचरा जेमतेम का होईना पुरतो. रेडिएशनमुळे मात्र त्या जागी हळूहळू जून, ताठर व्रण तयार होतो आणि नव्या वाटा खुंटतात. उरलेल्या वाहिन्यांचे स्नायू सततच्या वाढीव दाबाने प्रथम जाड होतात आणि पुढे थकतात. अशा काठावर असलेल्या हातावर अचानक भार येतो : दिवसभर हात वर करून केलेले थिनिंग, कात्रीची एखादी जखम, तिच्यातून झालेला थोडा जंतुसंसर्ग, किंवा वजनात झालेली वाढ. काम करणाऱ्या हातात रक्तप्रवाह वाढतो, रक्तप्रवाह वाढला की झिरपणे वाढते, आणि निचरा त्याच्या बरोबरीने वाढू शकत नाही. त्यांच्या निफाड तालुक्यातील डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीतही सूज आली याचे आश्चर्य वाटायला नको. थंडी होती, पण काम नेहमीपेक्षा जास्त होते. एप्रिल-मेच्या उन्हात हे आणखी जाणवेल.

सुचवलेल्या उपायांविषयी आता स्पष्ट लिहितो. पाणी उतरवण्याची गोळी मूत्रपिंडांवर काम करते आणि रक्तातील पाणी कमी करते. हातातील प्रथिने ती हलवू शकत नाही, म्हणून गोळी थांबली की सूज परत येते आणि दरम्यान अशक्तपणा येतो तो वेगळाच. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी सासूबाईंना अशी गोळी चालू असेल, तर ती मात्र आपल्या मनाने बंद करू नये. सुईने पाणी काढण्याची सूचना कुठून आली असावी, याचा मला अंदाज आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत टाक्यांखाली पाण्याची पिशवी साचते आणि सर्जन ती सुईने रिकामी करतात. तसा एखादा अनुभव कोणाला तरी आठवला असेल. आताची सूज एका पिशवीत नाही. ती ओल्या स्पंजातील पाण्यासारखी पसरलेली असते, सुईने हाती काही लागत नाही आणि जंतूंना मात्र दार उघडते. जोरात रगडण्यालाही अर्थ नाही. पाणी उचलणाऱ्या नळ्या त्वचेच्या अगदी खाली असतात; त्यांच्यासाठी हात नुसता त्वचेवर ठेवून ती हलकेच ताणण्याएवढा दाब पुरतो. रगडल्याने रक्तप्रवाह वाढून सूज वाढते.

हत्तीरोगाबाबत शेजारच्या आजी पूर्ण चुकल्या असे म्हणता येणार नाही, कारण वाट अडण्याची जागा तीच आहे. कारण मात्र वेगळे. हत्तीरोगात सुतासारख्या बारीक कृमी लसीकावाहिन्यांतच राहतात आणि त्यांच्या झडपा व भिंती निकामी करतात. हा आजार घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमुळे पसरतो, कृमींची पिल्ले रात्री रक्तात येतात म्हणून रक्ताचा नमुना रात्री घेतात, आणि महाराष्ट्रात तो प्रामुख्याने विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर अशा जिल्ह्यांत आढळत आला आहे. सासूबाईंच्या सुजेत कृमी नाहीत, डास नाहीत आणि ती कोणाला लागतही नाही. ताट-वाटी वेगळी ठेवणे सुरू झाले असेल, तर ते आजच थांबवावे. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना त्यांच्या नातवाला सहा महिने कडेवर घेऊ दिले गेले नव्हते.

ज्या उपचाराचा उपयोग होतो तो दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या टप्प्यात दोन ते चार आठवडे जवळजवळ रोज हलका लसीका-मसाज, त्यानंतर बोटांपासून दंडापर्यंत थरांचे बँडेज, आणि ते बांधलेले असतानाच व्यायाम असा क्रम असतो. बँडेज कमी ताणाचे लागते. मेडिकलमध्ये मिळणारे नेहमीचे क्रेप बँडेज नव्हे. कमी ताणाचे बँडेज हात स्वस्थ असताना फारसे दाबत नाही, पण स्नायू फुगला की भिंतीसारखे अडते, आणि स्नायू व बँडेज यांच्यामध्ये लसीकावाहिनी पिळली जाऊन पुढे रिकामी होते. मीही सुरुवातीच्या काळात एका पेशंटला मनगटापासून वर घट्ट क्रेप बांधून घरी पाठवले होते. दुसऱ्या दिवशी त्या बाई पंजा पुरणपोळीसारखा फुगवून आल्या. बोटे मोकळी सोडून वर दाब दिला की पाणी खाली सरकते, हे पुस्तकात वाचले होते, पण ते पटले त्या दिवशी.

हाताचा घेर आटोक्यात आला की दुसरा टप्पा सुरू होतो, आणि तो कायमचा असतो. मापाने घेतलेली दाबाची बाही दिवसा घालायची, रात्री बहुतेकांनी काढायची, आणि साधारण सहा महिन्यांनी ताण सैल झाला की बदलायची. बाही अंदाजाने घेऊ नये. दंडावर तिचा काठ रुतला तर ती निचऱ्यालाच बांध घालते. घरी मोजपट्टीने दोन्ही हातांचा घेर मनगटापासून दर 4 सेंटिमीटरवर मोजून वहीत लिहावा. दोन हातांत कुठेही 2 सेंटिमीटरहून अधिक फरक पडला, किंवा मागील नोंदीपेक्षा वाढ दिसली, तर पुढच्या तपासणीची वाट पाहत बसू नये. एवढे सर्व करूनही सूज आटोक्यात येत नसेल, तर लसीकावाहिनी बारीक शिरेला जोडण्याची सूक्ष्मदर्शकाखाली होणारी शस्त्रक्रियाही आता उपलब्ध आहे. ती सूज कडक होण्याआधी केली तरच उपयोगी पडते आणि तिच्यानंतरही बाही बहुधा सुटत नाही.

सर्वांत जास्त जपायचे ते त्वचेला. साचलेल्या प्रथिनांत जंतू फोफावतात आणि त्यांना रोखणाऱ्या गाठी त्या बाजूला उरलेल्या नसतात. हात लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन अँटिबायोटिक सुरू करावे. त्या काळात मसाज आणि बाही दोन्ही थांबवावे, शेक तर मुळीच देऊ नये. अशा प्रत्येक तापाने काही वाहिन्या कायमच्या बंद होतात आणि सूज एक पायरी वर जाते. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, सुई टोचू नये, अशी सक्त ताकीद पूर्वी दिली जाई; अलीकडच्या अभ्यासांत त्यांचा सुजेशी फारसा संबंध आढळलेला नाही. दुसरा हात उपलब्ध असेल तर तोच पुढे करावा असे मी अजूनही सांगतो, पण तातडीच्या वेळी त्यावरून वाद घालू नये. जड उचलू नये हा नियमही बदलला आहे. हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढत नाही, उलट हात बळकट होतो आणि भडका कमी वेळा उडतो.

तुपाविषयी : हाताच्या लसीकेत आहारातील चरबी नसते, ती आतड्याच्या वाटेने वेगळी जाते, त्यामुळे तूप बंद केल्याने हात उतरणार नाही. वजन जास्त असेल तर ते कमी करणे मात्र फार उपयोगाचे आहे, आणि तेवढ्यापुरता तुपाचा हात आखडता घ्यावा.

बागेत जाऊ द्यावे, असे माझे मत आहे. सासूबाईंना बाग आवडते हे ताईंनीच लिहिले आहे, आणि हात बांधून घरी बसवल्याने स्नायूंचा पंपही बंद पडतो. फक्त ऑक्टोबर छाटणीच्या आधी पहिला टप्पा पूर्ण झालेला असावा. थिनिंगला जाताना बाही आणि तिच्यावर सुती हातमोजा घालावा, दर अर्ध्या-पाऊण तासाला हात खाली घेऊन मूठ दहा-पंधरा वेळा उघडझाप करावी, आणि पहिल्या आठवड्यात दोन तासांपेक्षा अधिक काम करू नये. डिपिंगचे (घड बुडवण्याचे) द्रावण आणि फवारणी यांपासून त्यांना दूर ठेवावे, कारण त्याने त्वचा कोरडी पडून भेगा पडतात. कात्री लागलीच, तर तिथल्या तिथे साबण-पाण्याने धुऊन जंतुनाशक लावावे आणि संध्याकाळी हाताचा घेर मोजून वहीत तारखेसह लिहावा; पुढच्या वेळी येताना ती वही बरोबर आणावी.